निवृत्त शर्यती घोड्याचे पुनर्प्रशिक्षण व कडियाळ्याची निवड : ड्रेसाजच्या संदर्भात एक विवेचन

हांगझोऊ येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत २६ सप्टेंबर २०२३ रोजी भारतीय संघाने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक मिळविले. अश्वक्रीडेत भारताला १९८२ नंतर, म्हणजे ४१ वर्षांनी मिळालेले हे पहिले सुवर्ण होते आणि मुंबईचे हृदय छेडा या संघात होते. या संघाचे घोडे मात्र युरोपीय पैदाशीचे होते. महाराष्ट्रातील सामान्य शिकाऊ स्वाराच्या वाट्याला बहुधा महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड घोडा येतो. अशा घोड्याच्या तोंडात कोणते कडियाळे द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम शब्दाविषयी. आपण ‘लगाम’ हा शब्द मुखसाज, वादी व तोंडातील लोखंड या तिन्हींसाठी सरसकट वापरतो. तोंडात राहणाऱ्या भागाला जुन्या मराठीत ‘कडियाळे’ व संस्कृतात ‘खलीन’ अशी स्वतंत्र नावे आहेत. येथे कडियाळे हाच शब्द योजला आहे, कारण घोटाळा नेमका तेथेच होतो.

शर्यतीच्या घोड्याला मिळालेले शिक्षण ड्रेसाजच्या अगदी उलट असते. जॉकीने वादी आखूड करून घट्ट धरली की घोडा कडियाळ्यावर भार टाकून वेग वाढवितो. ड्रेसाजमध्ये त्याने स्वतःचा तोल स्वतः सांभाळून हाताशी केवळ हलका संपर्क ठेवावा, अशी अपेक्षा असते. साहजिकच नवा स्वार थांबविण्यासाठी ओढतो आणि घोडा त्याचा अर्थ ‘पळ’ असा घेतो. मग ‘तोंड कठीण आहे’ असा निष्कर्ष निघून अधिक कडक कडियाळे आणले जाते. माझ्या मते बहुतेक घोडे येथेच बिघडतात.

पुण्यातील एका अश्वारोहण केंद्रात मी असाच एक घोडा पाहिला. आठ महिन्यांत त्याची तीन कडियाळी बदलली होती, प्रत्येक आधीच्यापेक्षा कडक. शेवटी तो मागील पायांवर उभा राहू लागला आणि वरातीसाठी विकण्याची भाषा सुरू झाली. पशुवैद्यकाने तोंड उघडून पाहिले, तेव्हा वरच्या पहिल्या दाढेपुढील छोट्या दातावर कडियाळे आपटत असल्याचे आढळले. तो दात काढला, जखम भरू दिली आणि साधे कडियाळे दिले. घोडा तेथेच राहिला.

म्हणून निवडीचा आरंभ तोंडाच्या तपासणीपासून व्हावा. कडियाळे पुढील दात व दाढा यांमधील दंतहीन जागेत, मुख्यतः जिभेवर विसावते. हिरडीखालील हाडाची धार येथे पातळ त्वचेने झाकलेली असते. नर घोड्याचे सुळे चौथ्या-पाचव्या वर्षी येतात, म्हणजे पुष्कळदा निवृत्तीच्या सुमारास. तिसऱ्या वर्षी मानवलेले कडियाळे पाचव्या वर्षी मानवेलच असे नाही. शर्यतीत काही घोड्यांची जीभ पट्टीने बांधतात. असा घोडा पुढेही जीभ मागे ओढतो किंवा कडियाळ्यावरून बाहेर काढतो.

ड्रेसाजच्या प्राथमिक चाचण्यांत स्नॅफल, म्हणजे तरफ नसलेले कडियाळे वापरतात. एका सांध्याचे स्नॅफल ओढले असता अडकित्त्यासारखे मिटून जीभ दोन्ही बाजूंनी दाबते. दोन सांधे व मध्ये गुळगुळीत मणी असलेले स्नॅफल जिभेच्या आकाराशी अधिक जुळते. थरोब्रेडसाठी मी प्रथम तेच सुचवीन. जाड कडियाळे सौम्य असते, हा समज अर्धसत्य आहे. जाडीमुळे दाब पसरतो खरा, परंतु थरोब्रेडचे तोंड अरुंद व जीभ मांसल असल्यास जाड लोखंडाला जागाच उरत नाही. कड्यांबाबत म्हणावयाचे तर, हाताला बिचकणाऱ्या घोड्यास अंडाकृती किंवा डी-आकाराचे स्थिर कडे बरे, आणि भार टाकणाऱ्यास सैल फिरणारे. रुंदी ओठांच्या दोन्ही बाजूंस सुमारे अर्धा सेंटिमीटर अधिक असावी. तरफेचे कर्ब कडियाळे दुहेरी लगामात पुढील पातळीवर येते. पुनर्प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षात त्याचे काम नाही.

आपल्या भागातील यात्रांमधून टांग्यांच्या शर्यती पाहिलेल्यांना काटेरी कडियाळे ठाऊक असेल. ओझेवाहू व गाडी ओढणाऱ्या प्राण्यांविषयीच्या १९६५ च्या केंद्रीय नियमांतील आठव्या नियमाने ते निषिद्ध आहे. ड्रेसाजमध्ये तर तसे कडियाळे लावून मैदानात प्रवेशच मिळत नाही.

कडियाळे बदलल्यानंतर पहिले काही दिवस घोड्याला केवळ चालवावे. नाकपट्टी व नाकाचे हाड यांत दोन बोटे सहज जावीत, कारण घट्ट पट्टीखाली तोंड उघडून तक्रार करण्याची सोयच घोड्याला राहत नाही. दररोज साज उतरविताना ओठांचे कोपरे, जीभ व दंतहीन जागा पाहावी. रक्ताचा थेंब दिसल्यास त्या दिवसापासून स्वारी बंद ठेवून पशुवैद्यकास बोलवावे. कडियाळ्याचा विचार त्यानंतर.