व्यसनावरचं औषध गावाजवळ हवं

अफू, गर्द यांचं व्यसन हा चारित्र्याचा दोष नसून दीर्घकाळ चालणारा आजार आहे. दिल्लीच्या ‘एम्स’च्या २०१९च्या अहवालानुसार देशात सुमारे सव्वादोन कोटी लोक असे अफूजन्य पदार्थ वापरतात. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ या व्यसनमुक्ती केंद्राने १९८६पासून समुपदेशनाचं मोल दाखवून दिलं; पण या व्यसनात समुपदेशनाला औषधाची जोड हवी. जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी मेंदूत अफूच्याच जागा धरते, पण योग्य मात्रेत नशा न चढवता तलफ आणि नशा सुटताना होणारे अंगदुखी, जुलाब असे त्रास आटोक्यात ठेवते.

‘हे तर एका व्यसनाऐवजी दुसरं,’ असा आक्षेप असतो. पण व्यसन म्हणजे हानी होत असूनही न सुटणारी ओढ. औषधावर स्थिरावलेला माणूस कामावर जातो, घर सांभाळतो. उलट, औषधाविना नशा तोडली की शरीराची सहनशक्ती घटते आणि पुन्हा घेतलेला जुनाच डोस जीवघेणा ठरू शकतो. गोळ्या बाहेर विकल्या जाण्याची भीती खरी आहे; म्हणूनच त्या अनेकदा उपचार केंद्रातच, कर्मचाऱ्यासमोर दिल्या जातात. मात्र जालना जिल्ह्यातल्या कुंभार पिंपळगावच्या मजुराला त्यासाठी रोज जालना शहर गाठावं लागलं, तर मजुरी बुडेल आणि उपचारही सुटतील. म्हणून प्रशिक्षित डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही सोय ग्रामीण दवाखान्यांपर्यंत यायला हवी.