आत्ता नाही केलं तर काय हरवेल?

नागभीड तालुक्यातल्या घोडाझरीला २०१८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. असल्या जंगलात वाघांची गणना होते तेव्हा वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे सारखे नसतात. असा कॅमेरा बहुतेक वेळ झोपलेला असतो. जागा असतो तो फक्त उष्णता टिपणारा सेन्सर. त्याचे दोन भाग एकमेकांविरुद्ध जोडलेले असतात. सगळीकडे सारखं ऊन तापलं तर दोघांचे संकेत एकमेकांना खोडून काढतात. उबदार अंग एका भागासमोरून दुसऱ्यासमोर सरकलं की फरक पडतो. सेन्सरला वाघ कळत नाही. काहीतरी हललं, एवढंच तो प्रोसेसरला कळवतो. या कळवण्याला इंटरप्ट म्हणतात. प्रोसेसर हातातलं काम जिथल्या तिथे ठेवतो, त्याची खूण जपतो आणि त्या इंटरप्टसाठी लिहून ठेवलेल्या छोट्या कोडकडे, म्हणजे हँडलरकडे, वळतो. कॅमेऱ्यातल्या साध्या चिपपासून लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरपर्यंत ही रीत एकच आहे, आणि ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारा कोड, लिहिणाऱ्याची खरी परीक्षा इथेच होते.

इंटरप्ट तातडीचा, म्हणून हँडलरने सगळं काम तातडीने उरकावं, असं सहज वाटतं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे: हँडलरमध्ये तेवढंच असावं, जे या क्षणी न केल्यास कायमचं हरवेल. लिनक्समध्ये हँडलर चालू असताना त्या कोअरवरचे बाकीचे इंटरप्ट थांबलेले असतात. हँडलरला झोपताही येत नाही, कारण झोपवून पुन्हा उठवावी अशी स्वतःची प्रक्रियाच त्याच्यामागे नसते. तेव्हा ‘हरवेल’ म्हणजे काय, हे अंदाजाने नव्हे, मोजून ठरवावं लागतं. सीरियल पोर्टचं उदाहरण घेऊ. १६५५० या जुन्या, सर्वपरिचित चिपमध्ये आलेले बाइट साठवायला जागा असते फक्त १६ बाइटची. सेकंदाला १,१५,२०० बिट या वेगाने ती सुमारे १.४ मिलिसेकंदात भरते. पुढचा बाइट आला आणि आधीचे उचललेले नसले, तर माहिती गेली. मेमरी कार्डावर लिहायला मात्र कधी कधी कित्येक मिलिसेकंद लागतात. म्हणून बाइट उचलून मेमरीत ठेवणं हे हँडलरचं काम. त्यांचा अर्थ लावणं आणि कार्डावर लिहिणं हे मागाहून, निवांत चालणाऱ्या भागाचं. बाइट थांबत नाहीत, कार्ड थांबतं. वाटणी या एका फरकावर उभी आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: आजचे प्रोसेसर इतके वेगवान आहेत की असली काटकसर जुन्या काळची वाटते. पण प्रोसेसरबरोबर उपकरणंही वेगवान झाली. एक गिगाबिटच्या नेटवर्क कार्डावर सर्वांत लहान पॅकेटं भरभरून आली, तर सेकंदाला १४ लाख ८८ हजार येतात. दोन पॅकेटांत अंतर ६७२ नॅनोसेकंदांचं. प्रत्येकासाठी इंटरप्ट घेतला तर यंत्र नुसतं दार उघडत राहील, आत आलेल्याला पुढे पोहोचवायला त्याला वेळच उरणार नाही. जेफ्री मोगुल आणि के. के. रामकृष्णन यांनी १९९६ साली ही अवस्था मांडली आणि उपायही दिला: पहिला इंटरप्ट आला की त्या उपकरणाचे पुढचे इंटरप्ट बंद करायचे, रांग ठरावीक हप्त्यांनी स्वतः उपसायची, आणि ती रिकामी झाली की पुन्हा इंटरप्ट चालू करायचे. लिनक्सची नेटवर्क व्यवस्था याच मार्गाने गेली. जंगलातही हीच गोष्ट दिसते. २०१८च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत कॅमेऱ्यांनी ३,४८,५८,६२३ छायाचित्रं टिपली. त्यांत वाघाची होती ७६,६५१. हजारामागे जेमतेम दोन. बाकीची सगळी वाया गेली असं नव्हे. इतर प्राणी, गुरं, माणसंही त्यांत येतात. घोडाझरीभोवतीच्या झाडीपट्टीत मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायला निघालेल्या बायाही सेन्सरला वाघाइतक्याच उबदार. उन्हात तापलेलं गवत वाऱ्याने हललं तरी तो जागा होतो. म्हणून दोन छायाचित्रांमध्ये काही काळ गप्प बसण्याची सोय अशा कॅमेऱ्यांत ठेवलेली असते. कधी ऐकायचं नाही, हेही ठरवून ठेवावं लागतं.

मग इंटरप्ट हवाच कशाला, थोड्या थोड्या वेळाने आपणच पाहत राहावं, असा दुसरा आक्षेप येतो. जिथे काम सतत येतं तिथे तो खरा आहे. रानवाटेवर मात्र तासन्‌तास काहीच येत नाही. कॅमेऱ्याचा मुख्य भाग सारखा उठून पाहत राहिला तर बॅटरी लवकर संपेल, आणि ती बदलायला वनरक्षकाला वाघाच्या वाटेवर आणखी एक फेरी घालावी लागेल.

तिसरा आक्षेप जाणकारांचा, म्हणून अधिक वजनदार. लिनक्समध्ये हँडलर आता स्वतंत्र थ्रेडमध्ये, म्हणजे झोपता येईल अशा वेगळ्या प्रवाहात, चालवता येतात. रिअल-टाइम कर्नलची, म्हणजे वेळेची हमी पाळणाऱ्या लिनक्स-गाभ्याची, वर्षानुवर्षं वेगळी ठेवलेली मुख्य जोडणीही २०२४ साली मूळ कर्नलमध्ये आली. मग ही जुनी वाटणी कशाला? पण तिथेही अगोदर एक इवलासा भाग धावतोच. तो थ्रेडला उठवतो आणि परततो. म्हणजे पूर्वी जी शिस्त ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या समजुतीवर सोडलेली होती, ती कर्नलने नियम करून टाकली. वाटणी मोडली नाही, पक्की झाली.

इंटरप्टच्या एका लाइनवर अनेक उपकरणं असतात तिथे आणखी एक जबाबदारी येते. इंटरप्ट आला की प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या उपकरणाला विचारायचं आणि खरं उत्तर द्यायचं: माझा आहे, किंवा माझा नाही. विचारण्याचा त्रास नको म्हणून प्रत्येक वेळी ‘माझा’ म्हणणारा ड्रायव्हर मी सदोषच मानतो, कारण तो बिघाड झाकतो. या उत्तरांचा हिशेब कर्नल ठेवतो. एका लाइनवरच्या एक लाख इंटरप्टांपैकी ९९,९००हून अधिक कुणीच आपले म्हटले नाहीत, तर ‘कुणालाच पर्वा नव्हती’ अशा अर्थाची नोंद करून तो ती लाइन बंद करतो. त्या लाइनवरचं दुसरं, नीट चालणारं उपकरणही मग त्याच क्षणी मुकं होतं.