हट्टी, हेकेखोर की जिद्दी?

प्रगतिपुस्तकात ‘हट्टी आहे’ असा शेरा लिहिण्याआधी जरा थांबा. हट्ट लहान मुलाचा. खाऊ मिळाला की संपला. चुकतंय हे कळूनही ‘सशाला तीनच पाय’ म्हणत राहतो तो हेकेखोर. अडेलतट्टू वादही घालत नाही, तट्टासारखा जागीच अडतो. (त्याच्यावर ओरडून काही होत नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे!) ‘जिद्दी’ मात्र कौतुकाने म्हणतात.

आता आपल्या अलिबागजवळचं चरी घ्या. १९३३ साली तिथल्या शेतकऱ्यांनी खोतीविरुद्ध संप केला, जमिनी कसायच्या सोडल्या. संप सुमारे सहा वर्षं चालला. खोताच्या ओटीवर त्यांना कोणता शब्द लावत असतील? आणि कुळांच्या घरात? वर्गात हेच दोन प्रश्न विचारून बघा.