नुक्त्याएवढा बदल

उर्दूत ‘दुआ’ लिहिताना ‘ऐन’वर एक नुक्ता जास्त पडला, की त्याचा ‘दगा’ होतो. (मराठीतील ‘दुवा’ आणि ‘दगा’ हे त्यांचेच भाऊ.) आपल्या शरीरातही असेच लिखाण असते. शरीराने कोणते प्रथिन कसे बनवावे, हे पेशींतील जनुकांमध्ये चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेले असते. ही अक्षरे म्हणजे चार रासायनिक पदार्थ. त्यांतील एखादे अक्षर बदलले, तर कधी काहीच बिघडत नाही, तर कधी सारे आयुष्य बदलते.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात अँटिओकिया नावाचा डोंगराळ प्रांत आहे. तेथील एका मोठ्या कुळात जनुकाचा एक दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. ज्यांच्या वाट्याला तो येतो, त्यांची स्मृती पंचेचाळिशीच्या सुमारास ढासळू लागते. आधी कालचे बोलणे आठवत नाही, मग घराची वाट, शेवटी मुलांची नावेही. हा अल्झायमरचा आजार. आलोइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली त्याची माहिती प्रथम मांडली. यात मेंदूत नको ती प्रथिने साचतात आणि पेशी मरत जातात. एरवी हा आजार बहुधा पासष्टीनंतर होतो. या कुळात तो ऐन कर्त्या वयात गाठतो.

याच कुळातील एका बाईंच्या अंगी हा दोष होता. तरीही सत्तरीपर्यंत त्यांची स्मृती शाबूत राहिली! २०१९ साली शास्त्रज्ञांनी याचे कारण सुचवले. त्यांच्या ‘एपीओई’ नावाच्या दुसऱ्या एका जनुकात एका अक्षराचा बदल होता आणि तो आई व वडील दोघांकडूनही आला होता. एकट्या बाईंवरून निष्कर्ष काढणे बरे नव्हे. म्हणून पुढे, हा बदल एकाच पालकाकडून मिळालेल्या २७ जणांचा अभ्यास झाला. त्यांचा आजार सुमारे पाच वर्षे लांबल्याचे २०२४ साली प्रसिद्ध झाले.

मग असा बदल मुद्दाम घडवता येईल का? जिवाणू आपल्यावर चालून आलेल्या विषाणूचे जनुक नेमके ओळखून कापतात. या युक्तीवरून जेनिफर डाउडना आणि इमान्युएल शार्पांत्ये यांनी २०१२ साली ‘क्रिस्पर’ ही जनुकांची कात्री तयार केली. कापलेल्या जागी दुरुस्ती होताना लिखाण बदलता येते. २०२० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या विदर्भातही आढळणाऱ्या सिकलसेल या आजारावर अशा उपचाराला २०२३ साली ब्रिटनने प्रथम मंजुरी दिली. त्यात रक्त तयार करणाऱ्या पेशी बाहेर काढून, सुधारून परत शरीरात सोडतात.

मेंदू मात्र असा बाहेर काढता येत नाही. रक्तातील पदार्थ सहजासहजी मेंदूत शिरू नयेत, अशी निसर्गाने तटबंदीच केली आहे. ती ओलांडून कात्री अब्जावधी पेशींपर्यंत पोहोचवायची कशी? आणि चुकीच्या जागी काप बसला, तर तो पुसायचा कसा? प्रयोगशाळेतील पेशींवर आणि उंदरांवर याचा शोध चालू आहे.

अँटिओकियातील अनेक कुटुंबे आपल्या आप्ताच्या मृत्यूनंतर त्याचा मेंदू मेडेलिन शहरातील विद्यापीठाला संशोधनासाठी देतात. २०२० साली त्या बाई वारल्या, तेव्हा त्यांचाही मेंदू तेथे देण्यात आला.