गुजरी महाल संग्रहालय : वस्तूंमागची माणसे

बाहेरगावचे पाहुणे ग्वाल्हेरला आले की आपण त्यांना किल्ला दाखवतो आणि पायथ्याच्या गुजरी महाल संग्रहालयातही नेतो. ग्यारसपूरची शालभंजिका पाहून सगळेच थक्क होतात. पण अशी वस्तू जमिनीतून निघून आपल्यासमोर येईपर्यंत कोणकोणते काम होते, ते आपल्या मुलांना कळावे म्हणून ही थोडी माहिती.

ग्वाल्हेर संस्थानाने १९१३ मध्ये पुरातत्त्व खाते स्थापन केले. त्याचे पहिले प्रमुख मो. ब. गर्दे. १९२२ मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. पाहणी, उत्खनन, शिलालेखांचे वाचन, संग्रहालयाची मांडणी, अहवाल या सगळ्यांत गर्दे यांचा हात होता. आता ही कामे वेगवेगळी माणसे करतात.

उत्खनन करणारे वस्तू कुठे, किती खोल, कोणत्या थरात आणि कशाशेजारी सापडली, हे जागेवरच टिपून ठेवतात. नोंदणी करणारे तिला क्रमांक देतात, मापे घेतात, छायाचित्र काढतात. हा क्रमांक हरवला, तर वस्तू राहते पण तिची हकिगत जाते.

जतनाचे काम रसायन जाणणाऱ्यांचे. तांब्याच्या नाण्यांना दमट हवेत हिरवा गंज पुन्हा पुन्हा धरतो, म्हणून ती कोरड्या जागी ठेवावी लागतात. आपण घरी चिंच लावून जुने नाणे लखलखीत करतो, तेव्हा गंजाबरोबर त्यावरची अक्षरेही झिजतात.

लेख वाचणारे दगडावर ओला कागद थापून, शाई लावून ठसा घेतात. पवाया, म्हणजे प्राचीन पद्मावती, येथील मणिभद्र यक्षाची मूर्ती या संग्रहालयात आहे. ती मणिभद्राच्या भक्तांच्या ‘गोष्ठी’ने, म्हणजे एका मंडळाने, राजा शिवनंदीच्या काळात बसवली, हे तिच्यावरील लेखामुळेच समजले. आपल्यासारखेच ते एक मंडळ!

चित्रकारांचे कामही याच साखळीतले. बाघ लेण्यांतील भित्तिचित्रांच्या प्रती १९२१ च्या सुमारास नंदलाल बोस, असितकुमार हलदार, सुरेंद्रनाथ कर आदींनी केल्या. मूळ चित्रे पुढे पुष्कळ पुसट झाली. आज ती कशी होती हे समजून घ्यायला संग्रहालयातील या प्रतींचा मोठा आधार आहे.

या साखळीची पहिली कडी कधीकधी आपणच असतो. घराचा पाया किंवा विहीर खणताना मूर्ती, नाणी किंवा कोरीव दगड निघाला, तर तो धुऊ नये, शेंदूर फासू नये, हलवू नये. जागेसकट फोटो काढावा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवावे. पुरलेल्या ठेव्याची माहिती देणे १८७८ च्या कायद्यानेही बंधनकारक आहे.

पुढच्या वेळी गुजरी महालात गेलात, तर मूर्तीखालची पाटीही मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या. त्या दोन ओळींमागे एवढ्या सगळ्यांचे श्रम आहेत.