ओरखडा पडलेली तबकडी आणि तिची घरगुती दुरुस्ती

शाळेच्या कपाटात पुस्तके व नकाशे यांच्या जोडीला सीडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चकचकीत तबकड्यांची एखादी पेटी पुष्कळ ठिकाणी आढळते. त्यांपैकी काहींवर पाठ्यक्रमातील धडे असतात. ते अन्यत्र मिळू शकतात. परंतु काहींवर स्नेहसंमेलनातील मुलांची गाणी, सेवानिवृत्त गुरुजींचे निरोपाचे भाषण, किंवा गावातील एखाद्या वृद्धेने गायिलेल्या जात्यावरच्या ओव्या मुद्रित केलेल्या असतात. अशा मुद्रणाची प्रत बहुधा एकच असते. तबकडी वाजेनाशी झाली की जडवस्तुसंग्रह नोंदवहीतून तिचे निर्लेखन होते, आणि तिच्याबरोबर तो आवाजही कायमचा जातो. हे नुकसान अनेकदा टाळता येते.

समजा, भाईंदर पूर्वेतील केबिन रोडवर राहणारे आणि ठाणे जिल्ह्यातील एका खेड्याच्या शाळेत शिकविणारे शिक्षक सुट्टीत ही पेटी घरी घेऊन आले. ओव्यांची तबकडी तिसऱ्या ओवीपाशी अडखळते. तिच्या पाठीवर ओरखडाही दिसतो. त्यांनी प्रथम काय करावे? लगेच घासावयास बसू नये. तबकडीवरील मजकूर नेमका कोठे असतो, हे आधी समजून घ्यावे.

जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीत आवाज पृष्ठभागावरील चरातच कोरलेला असे आणि सुई त्या चरातून फिरे. तेथे ओरखडा पडला म्हणजे प्रत्यक्ष मुद्रणच खरवडले जाई. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीची रचना निराळी आहे. ही तबकडी १२ सेंटिमीटर व्यासाची व १.२ मिलिमीटर जाडीची असून पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची बनविलेली असते. मजकूर या प्लॅस्टिकच्या वरच्या अंगाला, म्हणजे नाव लिहिलेल्या बाजूलगत असतो. त्यावर धातूचा झिलईदार थर व त्याहीवर रोगणाचा केसाहून पातळ लेप असतो. प्रकाशाचा किरण खालून, प्लॅस्टिकमधून, मजकुरापर्यंत जातो व परततो. सारांश, चकचकीत बाजूचा ओरखडा हा बहुधा खिडकीच्या काचेवरील ओरखडा होय. खोलीतील सामान शाबूत असते. उलट नावाच्या बाजूचा बारीक ओरखडाही मजकूर नष्ट करू शकतो, आणि त्यावर घरगुती उपाय नाही.

यावरून पहिली परीक्षा ठरते. नावाची बाजू आपल्याकडे करून तबकडी दिव्यासमोर धरावी. धातूचा थर उडून प्रकाशाची छिद्रे दिसली, तर तेथील मजकूर गेला असे समजावे. उरलेला भाग मात्र वाचविता येतो. मधल्या भोकापासून तडा गेला असेल, तर तबकडी यंत्रात घालू नये. संगणकात ती अतिशय वेगाने फिरते व तिचे तुकडे उडू शकतात.

मजकुराच्या ओळी मध्यापासून सुरू होऊन गोल फिरत कडेकडे जातात. अशा ओळी एका मिलिमीटरात सहाशेहून अधिक मावतात. एखाद्या ओळीचा सुमारे अडीच मिलिमीटर सलग भाग वाचता आला नाही, तरी यंत्र गणिताच्या साहाय्याने तो भरून काढते. म्हणून मध्याकडून कडेकडे जाणारा आडवा ओरखडा सहसा बाधत नाही. परंतु ओळीच्या दिशेने गेलेला गोल ओरखडा घातक ठरतो. ग्रामोफोनची तबकडी चराच्या दिशेने गोल पुसण्याची रीत होती. तीच सवय येथे लावू नये. सीडी नेहमी मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावी.

आता दुरुस्ती. प्रथम हात धुऊन तबकडी साध्या पाण्याने धुवावी. भांडी धुण्याच्या पातळ साबणाचा एक थेंब पुरे. मऊ, जुन्या सुती कापडाने ती टिपावी. अनेकदा दोष ओरखड्याचा नसून खडूच्या धुळीचा व बोटांच्या तेलकट ठशांचा असतो, आणि एवढ्यानेच तबकडी वाजू लागते. न वाजल्यास ती दुसऱ्या यंत्रात लावून पाहावी. सर्व यंत्रांची वाचनशक्ती सारखी नसते. वाजताच, दुसरे काहीही करण्यापूर्वी, तिची प्रत संगणकावर उतरवून घ्यावी.

तरीही अडखळत असल्यास ती सपाट जागी स्वच्छ मऊ कापडावर, चकचकीत बाजू वर करून ठेवावी. ओरखड्यावर साधी पांढरी टूथपेस्ट अल्प प्रमाणात लावून ओल्या मऊ कापडाने हलक्या हाताने, मध्यापासून कडेकडे, काही मिनिटे घासावे. नंतर धुऊन, वाळवून पाहावे. यात ओरखडा बुजत नाही. त्याच्या तीक्ष्ण कडा झिजून गुळगुळीत होतात व किरण कमी विखुरतो. राखुंडी, मिश्री, भरड दंतमंजन किंवा खडूची पूड कधीही वापरू नये. त्यांच्या कणांनी नवे ओरखडे पडतात. हा प्रयोग आधी टाकाऊ तबकडीवर करून हात बसवावा. ओव्यांच्या तबकडीवर तो पहिल्यांदा करू नये.

हे काम वर्गातही करून दाखविण्याजोगे आहे. पाटीवर लिहिलेले पुसले जाते आणि काचेखालचे का पुसले जात नाही, हे मुलांना टाकाऊ तबकडीवरून सहज उमजेल. मात्र दुरुस्तीहून जपणूक श्रेष्ठ. तबकडी कडेला धरून उचलावी, वेष्टनात उभी ठेवावी, उन्हात ठेवू नये आणि तिच्यावर बॉलपेनने नाव लिहू नये. निर्लेखनाच्या यादीत तबकडी घालण्यापूर्वी ती एकदा धुऊन, दिव्यासमोर धरून पाहिली आहे काय, एवढा प्रश्न प्रत्येक शाळेने स्वतःस विचारावा. ओव्या गाणारी वृद्धा पुन्हा गावयास असेलच असे नाही.