पेढीचा संगणक व माडीवरचा संगणक : फायलींच्या देवघेवीतील अडथळे आणि त्यांचे निवारण

दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या जुन्या वडोदऱ्याच्या भागांत खाली पेढी आणि माडीवर बिऱ्हाड ही रचना आजही पाहावयास मिळते. चोपडे कागदाचे होते तोवर ते गादीपाशी असत, आणि ज्यास पाहावयाचे असतील तो खाली उतरे. आता जमाखर्च संगणकात गेला आहे. एक संगणक पेढीवर, दुसरा माडीवर, आणि खालच्या फायली वर बसून उघडता याव्यात, एवढी साधी अपेक्षा असते. बहुतेक दिवस ती पुरीही होते. परंतु नेमके विवरणपत्र भरण्याच्या अखेरच्या दिवशी वरच्या संगणकास खालचा सापडेनासा होतो आणि घरची मंडळी हवालदिल होतात. अशा वेळी काय करावे, व त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे काय करू नये, याचा क्रमवार विचार सभासद बंधु-भगिनींपुढे मांडावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत. पेढ्यांवर विंडोज प्रणाली सर्वाधिक वापरात असल्यामुळे विवेचन तिलाच धरून केले आहे.

चार पायऱ्या

महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांस बोलावून राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसविली, हे वडोदेकरांस ठाऊकच आहे. ग्रंथालयातील ग्रंथ हाती येण्यास चार गोष्टी जुळाव्या लागतात. तेथवर जाणारा रस्ता हवा, इमारतीचे नाव-पत्ता ठाऊक हवा, दार उघडे हवे, आणि वाचकापाशी सभासदत्वाचे पत्र हवे. संगणकांचेही असेच आहे. फाइल असते खालच्याच संगणकात; वरचा संगणक वाचकाप्रमाणे तिच्यापाशी जातो. म्हणून दोष शोधताना रस्ता, नाव, दार आणि अधिकार हाच क्रम ठेवावा. पुष्कळांचा वेळ वाया जातो तो अज्ञानाने नव्हे, तर क्रम सोडल्याने. रस्ताच तुटलेला असताना पासवर्ड बदलत बसल्यास काहीही निष्पन्न होत नाही, उलट दुसरा दोष मात्र नव्याने निर्माण होतो.

पहिली पायरी : रस्ता

दोन्ही संगणक एकाच जाळ्यात आहेत काय, हे प्रथम पाहावे. इंटरनेट दोन्हीकडे चालते, एवढ्यावरून ते सिद्ध होत नाही. जुन्या घरांच्या जाड भिंतींतून वाय-फाय नीट पोहोचत नाही म्हणून पुष्कळ ठिकाणी माडीवर दुसरा राउटर बसवितात. तो राउटर आपले स्वतंत्र जाळे निर्माण करीत असेल, तर एकाच घरात दोन निराळ्या पेठा वसल्यासारखे होते. तसेच पाहुण्यांसाठी ठेवलेल्या 'गेस्ट' वाय-फायवर जोडलेल्या संगणकास घरातील इतर यंत्रे सहसा दिसूच दिली जात नाहीत.

याची परीक्षा सोपी आहे. दोन्ही संगणकांवर 'कमांड प्रॉम्प्ट' उघडून 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा द्यावी आणि 'आयपीव्ही४ ॲड्रेस' या ओळीतील आकडे कागदावर उतरून घ्यावेत. घरगुती जाळ्यात आकड्यांचे पहिले तीन गट दोन्हीकडे सामान्यतः सारखे असतात, जसे १९२.१६८.१.१० आणि १९२.१६८.१.१५. एकाकडे १९२.१६८.०, तर दुसऱ्याकडे १९२.१६८.१ असे आढळल्यास जाळी दोन आहेत असे समजावे, आणि दुसरा राउटर केवळ 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून चालेल अशी व्यवस्था करवून घ्यावी. आकडे १६९.२५४ ने सुरू होत असतील, तर त्या संगणकास राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. तेथे तार, वाय-फाय अथवा राउटर यांपैकी एकात दोष आहे. पेढीचा संगणक काही वेळाने आपोआप झोपी तर जात नाही ना, हेही याच वेळी पाहावे. निद्रिस्त संगणक हाकेस ओ देत नाही.

दुसरी पायरी : नाव

'नेटवर्क'च्या यादीत दुसरा संगणक दिसत नाही म्हणजे तो उपलब्धच नाही, असा समज सर्वत्र आहे. तो बरोबर नाही. यादीत नाव दिसणे आणि संगणक उघडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणून वरच्या संगणकावरील 'फाइल एक्सप्लोरर'च्या पत्त्याच्या चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा देऊन त्यापुढे खालच्या संगणकाचा आकडी पत्ता लिहावा. पत्त्याने फोल्डर उघडले, पण नावाने उघडले नाही, तर रस्ता, दार आणि अधिकार हे तिन्ही ठीक असून दोष केवळ नावात आहे, असा स्वच्छ निर्णय मिळतो.

राउटर आकडी पत्ते तात्पुरते देत असतो व ते बदलू शकतात. पेढीच्या संगणकाचा पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवल्यास ही अडचण दूर होते. ज्यांना नाव यादीत दिसावयासच हवे, त्यांनी खालच्या संगणकावर 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा चालू आहे काय, ते पाहावे.

तिसरी पायरी : दार

विंडोज प्रत्येक जोडणीस 'पब्लिक' अथवा 'प्रायव्हेट' समजते. रेल्वे स्थानकावरील वाय-फाय सार्वजनिक, तेथे दार बंद असणेच योग्य. परंतु घरी नवा राउटर बसविला की विंडोजला ते नवे जाळे वाटते, आणि ती बहुधा त्यास 'पब्लिक' ठरवून दार लावून घेते. काल चालत होते ते आज बंद का पडले, याचे कारण अनेकदा एवढेच असते. 'सेटिंग्ज'मधील 'नेटवर्क अँड इंटरनेट' या भागात आपल्या जोडणीचे गुणधर्म उघडून ती 'प्रायव्हेट' करावी, आणि 'नेटवर्क डिस्कव्हरी' तसेच 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' ही दोन कळसूत्रे त्या प्रकारापुरती चालू ठेवावीत. बाहेरून घेतलेल्या अँटिव्हायरसची स्वतःची फायरवॉल असल्यास तिच्यातही घरचे जाळे विश्वासाचे म्हणून नोंदवावे.

चौथी पायरी : अधिकार

येथे पडद्यावर उमटणारा संदेश लक्षपूर्वक वाचावा, कारण तोच निदान सांगतो. मार्ग सापडला नाही अशा अर्थाचा, ८००७००३५ हे आकडे शेवटी असलेला संदेश आला, तर दोष मागील तीन पायऱ्यांत आहे. नाव किंवा पासवर्ड चुकीचा असल्याचे सांगितले, तर ओळख पटलेली नाही. प्रवेश नाकारला असे म्हटले, तर ओळख पटली आहे, परंतु त्या व्यक्तीस परवानगी नाही.

ओळखीच्या बाबतीत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. खालच्या संगणकावर आपण जो चार-सहा आकडी 'पिन' देतो, तो जाळ्यावरून चालत नाही. खात्याचा खरा पासवर्डच द्यावा लागतो. पासवर्ड नसलेल्या खात्यास जाळ्यावरून प्रवेश सहसा मिळतच नाही. आणि वरच्या संगणकाच्या 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मध्ये जुना पासवर्ड साठून राहिला असेल, तर तो काढून टाकल्यावाचून नवा लागू पडत नाही. सर्वांत उत्तम म्हणजे या कामासाठी खालच्या संगणकावर एक स्वतंत्र खाते उघडून त्यास पासवर्ड द्यावा.

परवानगीची दारेही दोन असतात : फोल्डरच्या गुणधर्मांतील 'शेअरिंग' आणि 'सिक्युरिटी'. दोन्हींपैकी जे अधिक कडक असेल तेच लागू होते. एकीकडे लिहिण्याची मुभा आणि दुसरीकडे केवळ वाचण्याची असेल, तर वाचताच येईल. ज्यांना केवळ हिशेब पाहावयाचा आहे त्यांना वाचण्यापुरतीच परवानगी द्यावी, हे आम्ही आग्रहाने सुचवितो.

टाळावयाचे उपाय

घाईच्या वेळी कोणी सुचवितो की फायरवॉल बंद करा, पासवर्ड काढून टाका, 'एव्हरीवन'ला पूर्ण अधिकार द्या, नाहीतर 'एसएमबी १' ही जुनी पद्धत पुन्हा चालू करा. फाइल त्याने उघडेलही. परंतु कुलूप अडते म्हणून दारच काढून ठेवण्यासारखे हे आहे. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय' या घातक प्रोग्रॅमने याच 'एसएमबी १'मधील दोषाचा फायदा घेऊन सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांच्या फायली कुलूपबंद केल्या व त्या सोडविण्यासाठी खंडणी मागितली. दोष दुरुस्त करणारी सुधारणा मार्च २०१७ मध्येच निघाली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले.

नव्या विंडोजमध्ये ही जुनी पद्धत मुळातच बसविलेली नसते. जुनी 'होमग्रुप'ची सोय २०१८ साली विंडोज १० मधून काढण्यात आली. २०२४ च्या विंडोज ११ '२४एच२' या आवृत्तीच्या प्रो प्रकारात बिनपासवर्डाचा पाहुणा-प्रवेशही बंद झाला आहे. जुने साठवण-यंत्र नव्या संगणकास एकाएकी दिसेनासे झाले, तर कारण बहुधा येथे सापडते. आणि त्यावरचा उपाय नव्या संगणकाची सुरक्षा कमी करणे हा नसून जुन्या यंत्रास पासवर्ड व नवी आवृत्ती देणे हा आहे. विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबल्या, हेही सभासदांनी लक्षात घ्यावे.

देवघेव म्हणजे जतन नव्हे

दोन ठिकाणांहून दिसणारी फाइल दोन ठिकाणी आहे, असा भ्रम होतो. ती एकच असते. खालची डिस्क गेली की दोन्हीकडून गेली, आणि वरून चुकून पुसली तरी खालचीच पुसली जाते. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ अन्वये हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. म्हणून रोजची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, ती घेतल्यावर डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी, आणि महिन्यातून एकदा तीतील एखादी फाइल उघडून पाहावी. शिवाय जमाखर्चाचा प्रोग्रॅम एकाच वेळी दोघांनी चालविण्यास त्याचा परवाना तशा प्रकारचा आहे काय, याचीही खात्री करून घ्यावी.

तात्पर्य, रस्ता, नाव, दार, अधिकार हे चार शब्द, पेढीच्या संगणकाचा आकडी पत्ता व जाळ्यासाठी उघडलेल्या खात्याचे नाव एका कागदावर लिहून तो संगणकाजवळ लावावा; पासवर्ड मात्र तिजोरीत ठेवावा. एवढी शिस्त घरातील तरुण मुलामुलींनी हाती घेतली, तर ऐन मुदतीच्या दिवशी वडीलधाऱ्यांस कोणाची वाट पाहत बसावे लागणार नाही, आणि चोपड्यांची राखण पूर्वीइतक्याच निगुतीने होईल.